उन्हाची चित्रं अंधारात का ठेवतात?



जानेवारी महिना आहे. शाळांना सुट्ट्या आहेत, किनाऱ्यावरच्या पोहुतुकावाचा लाल बहर ओसरायला लागलाय, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आईबाबा किंवा सासूसासरे आलेले आहेत. त्यांना रोज कुठे न्यायचं, हा प्रश्न आहेच. बीच झाला, बाग झाली, डोंगरावरून शहर दाखवून झालं. मग एखाद्या दुपारी ऊन फार लागतंय म्हणून आपण आर्ट गॅलरीत शिरतो. मोठमोठ्या दालनांत तैलचित्रं असतात, भरपूर उजेड असतो. फिरता फिरता आपण एका छोट्या खोलीत येतो आणि तिथे एकदम मिणमिणता उजेड. आई हळूच विचारते, "इथले दिवे गेलेत का गं?"

दिवे गेलेले नसतात. मुद्दाम मंद ठेवलेले असतात. आणि गंमत अशी की त्या खोलीतल्या चित्रांत बहुतेक वेळा भरपूर ऊन असतं. समुद्रावरची दुपार, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, होडीच्या काठावर बसलेली मुलं, वाळूत पडलेल्या निळ्या सावल्या. ही सगळी जलरंगातली चित्रं. उन्हाळा जितका छान जलरंगात उतरतो तितका क्वचितच दुसऱ्या कशात उतरत असेल. पण उन्हाळ्याची ही चित्रं अंधाऱ्या खोलीत लावावी लागतात, तीही थोडेच दिवस, आणि नंतर कित्येक वर्षं कपाटात ठेवावी लागतात. असं का, ते आज समजून घेऊ. शेवटी आपल्या घरच्या भिंतीवरच्या चित्राबद्दलही बोलू, कारण हा विषय गॅलरीपुरता नाही. मी तो जरा महागात पडल्यावर शिकले.

आधी जलरंगात ऊन कसं रंगवतात ते पाहू.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल. पेटीत रंगांच्या वड्या, बाजूला पाण्याचा डबा आणि डोक्यावर चित्रकलेचे सर. सरांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: पांढरा रंग लावायचा नाही, कागद सोडायचा. पोस्टर कलरमध्ये काळ्यावर पांढरा फासता येतो. जलरंग पारदर्शक असतो. त्याचा पातळ थर कागदावर बसतो, उजेड त्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. म्हणून जलरंग आतून उजळल्यासारखा दिसतो. आणि जिथे सगळ्यात लख्ख ऊन दाखवायचं असतं, तिथे रंगच नसतो, तिथे कोरा कागद असतो. म्हणजे जलरंगातलं ऊन हे चित्रकाराने लावलेलं नसतं, राखून ठेवलेलं असतं. शेतात पाखरांसाठी चार कणसं राखावीत तसं.

अडचण अशी की हे आधीच ठरवावं लागतं. एकदा रंग लागला की तो जागा पूर्ण सोडत नाही. आपल्याकडचं एक प्रसिद्ध चित्र सांगते. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' तुम्ही कॅलेंडरवर, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात नक्की पाहिलं असेल. हातात समई घेतलेली तरुणी, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. पण रविवर्मा १९०६ साली गेले, आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे. चित्रातली तरुणी हळदणकरांचीच मुलगी, गीता. मूळ चित्र मैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातलं आहे. तेलरंगात चूक झाली तर वरून झाकता येते, जलरंगात येत नाही, आणि हळदणकरांना नेमकं तेच करून दाखवायचं होतं. ते दिव्याचं चित्र आहे, उन्हाचं नाही, पण युक्ती तीच. ज्योतीपासचा उजेड आहे तो कागदाचा, आणि रंग आहेत ते भोवतालच्या काळोखाचे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण उन्हाळा आणि जलरंग यांची जोडी तिथे फार घट्ट जमली.

विन्स्लो होमर हा बॉस्टनचा. जन्म १८३६ चा. साप्ताहिकांसाठी चित्रं काढून पोट भरायचा, अमेरिकेच्या यादवी युद्धाची चित्रंही त्याने काढली. त्याची आई हेन्रिएटा स्वतः हौसेने जलरंगात चित्रं काढायची. १८७३ च्या उन्हाळ्यात होमर मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात राहिला आणि तिथे त्याने जलरंग मनावर घेतले. विषय काय, तर होड्यांत बसलेली, किनाऱ्यावर शिंपले वेचणारी पोरं. त्यात मोठा प्रसंग काही नाही, फक्त सुट्टीतली दुपार. पुढे तो फ्लोरिडाला आणि बहामा बेटांवर गेला, आणि त्याच्या कागदावरचं ऊन आणखी प्रखर झालं. पाण्यावरची चमक दाखवायला तो कधी रंग वाळल्यावर चाकूने कागद खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा पुन्हा वर यायचा.

दुसरा जॉन सिंगर सार्जंट. हा श्रीमंतांची तैलचित्रं काढून गाजलेला. पुढे त्याला त्याचा कंटाळा आला, आणि उन्हाळा लागला की तो रंगपेटी घेऊन व्हेनिसला, आल्प्सच्या डोंगरांत निघून जायचा. त्याच्या जलरंगांत पांढरी वस्त्रं, पांढऱ्या भिंती, तंबू खूप दिसतात. नीट पाहिलं तर पांढरी भिंत त्याने रंगवलेलीच नसते. तिच्यावर पडलेली निळी-जांभळी सावली रंगवलेली असते, आणि त्या निळ्याच्या शेजारी कोरा कागद उन्हासारखा तापतो. १९०९ साली ब्रुकलिनच्या संग्रहालयाने त्याचे ८३ जलरंग एका झटक्यात विकत घेतले. तोवर 'जलरंग म्हणजे तैलचित्राआधीची तयारी' असं मानणारे पुष्कळ होते. त्या खरेदीनंतर तसं म्हणणं अवघड झालं.

उन्हाळा आणि जलरंगांची जोडी जमायचं कारण अगदी साधं आहे. जलरंगाचं सामान पिशवीत मावतं. पेटी, दोन ब्रश, कागद, पाणी. तेलरंग वाळायला दिवसच्या दिवस जातात, जलरंग उन्हात दहा मिनिटांत वाळतो. त्यामुळे सुट्टीला गेलेला माणूस किनाऱ्यावर बसून, जेवायच्या आत चित्र पुरं करू शकतो. ऊन सरकतं, सावली सरकते, म्हणून घाई करावीच लागते, आणि त्या घाईची ताजेपणा कागदावर टिकून राहतो.

हेच सामान घेऊन माणसं आपल्या या देशातही आली.

न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जलरंग हा हौसेइतकाच कामाचा भाग होता. जमिनीची मोजणी करणारे, नकाशे काढणारे लोक पाहिलेला मुलूख जलरंगात टिपून ठेवायचे. जॉन गली इंग्लंडमधल्या बाथचा, १८५२ साली तारानाकीला आला, पुढे नेल्सनला गेला आणि तिथल्या सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून कामाला लागला. नेल्सन म्हणजे देशातल्या सर्वांत जास्त ऊन मिळणाऱ्या शहरांपैकी एक. गलीचे जलरंग तिथल्या सूटर गॅलरीच्या मूळ संग्रहात आहेत. बिशप सूटर यांच्या स्मरणार्थ ती गॅलरी १८९९ साली उघडली.

ऑकलंडमध्ये आल्फ्रेड शार्प होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण नजर विलक्षण. पोहुतुकावाचं झाड तो पानापानासकट रंगवायचा. १८८० नंतरच्या एकदोन वर्षांत त्याने वर्तमानपत्रात जलरंग शिकणाऱ्यांसाठी लेख लिहिले. इंग्लंडहून आलेल्या चित्रकारांची इथे एक मोठी अडचण व्हायची. तिकडे दूरचा डोंगर धुक्यात विरघळतो, म्हणून दूरचं सगळं फिकं रंगवायची सवय. इथली हवा इतकी स्वच्छ की दूरचा डोंगरही जवळ येऊन उभा राहिल्यासारखा दिसतो, आणि सावली सुरीने कापल्यासारखी पडते. भारतातून आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आपल्यालाही हे जाणवलेलं असतं. ऊन चाळीस डिग्रीचं नसतं, तरी डोळे दिपतात.

आणि मग फ्रान्सिस हॉजकिन्स. १८६९ साली डनेडिनमध्ये जन्मलेली. वडील वकील, पण जलरंगांचे वेडे. डनेडिनची सार्वजनिक गॅलरी १८८४ साली सुरू झाली त्यात त्यांचा पुढाकार होता. ही मुलगी १९०१ साली बोटीने युरोपला गेली, मोरोक्कोच्या भाजणाऱ्या उन्हात बसून तिने बाजारांची चित्रं काढली, आणि १९१० साली पॅरिसच्या कोलारोसी अकादमीत जलरंग शिकवणारी ती पहिली स्त्री ठरली. चाळिशी उलटून जाईपर्यंत तिचं मुख्य काम जलरंगातच होतं. २०१९ साली ऑकलंड आर्ट गॅलरीत तिचं मोठं प्रदर्शन झालं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल.

श्रोतेहो, एक छोटा विराम घेऊ, आणि मग माझ्या घरच्या भिंतीकडे वळू.

परत स्वागत.

माझे एक काका कोकणात चित्रकलेचे शिक्षक होते. मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा त्यांनी मला एक जलरंगातलं चित्र दिलं. मे महिन्यातलं अंगण. सारवलेलं खळं, पायरीवर बसलेली आजी, आणि अंगणभर वाळत घातलेली आमसुलं. त्या आमसुलांचा गर्द लाल-जांभळा रंग हाच त्या चित्राचा जीव. इथे आल्यावर मी ते लाउंजमधल्या सगळ्यात छान भिंतीवर लावलं, रँच स्लायडरच्या समोर. रोज सकाळी त्याच्यावर ऊन पडायचं. कोकणातल्या अंगणावर ऑकलंडचं ऊन! मला फार आवडायचं ते.

नऊ वर्षांनी घर बदलताना फ्रेम उघडली. माउंटचा कागद बाजूला केला, आणि त्याच्या कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी दिसली. तिथे आमसुलं अजून गर्द लाल होती. बाकीच्या अंगणात ती राखाडी-गुलाबी झाली होती. रोज पाहत होते, पण मला कळलंच नव्हतं. रंग एका दिवसात जात नाही, म्हणून जाताना दिसत नाही. हिरवी पानं मात्र निळसर झाली होती, कारण त्यातला पिवळा उडाला होता. आणि सारवलेल्या अंगणाचा गेरूसारखा तपकिरी रंग जसाच्या तसा होता.

नेमकं असंच होमरच्या बाबतीत घडलंय. त्याचं १८८७ चं एक जलरंग शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. शेतात उभा असलेला मुलगा आणि वर जवळजवळ कोरं, पांढरट आकाश. अनेक वर्षं लोकांना वाटायचं की होमरने आकाश तसंच सोडलंय. कोरा कागद म्हणजे उजेड, हे आपण आत्ताच बोललो. पण तिथल्या तज्ज्ञांनी बारकाईने पाहिलं, कागदात अडकलेले रंगाचे सूक्ष्म कण घेतले, आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने लेझरच्या प्रकाशात त्यांची ओळख पटवली. ते लाल आणि नारिंगी रंगांचे अवशेष निघाले. म्हणजे ते आकाश कधीकाळी सूर्यास्ताने पेटलेलं होतं. उजेडाने ते पुसून टाकलं. २००८ साली शिकागोच्या प्रदर्शनात हे सगळं लोकांसमोर मांडलं गेलं. मूळ आकाश कसं असेल ते संगणकावर जुळवून दाखवता आलं, पण कागदावर ते परत आणता येत नाही. गेलेला रंग गेला.

हे रंग इतके नाजूक का? होमरच्या काळातले बरेचसे सुंदर लाल रंग वनस्पती आणि किड्यांपासून बनत. एक मंजिष्ठेच्या जातीतल्या झाडाच्या मुळांपासून. मंजिष्ठा आपल्याला आयुर्वेदाच्या दुकानात माहीत आहे, तिची ही युरोपातली बहीण. दुसरा कोचिनील नावाच्या किड्यांपासून. उजेडाच्या ऊर्जेने या रंगांचे रेणू तुटतात, आणि तुटलेला रेणू पुन्हा लाल दिसत नाही. गेरू ही मात्र लोखंडाची माती. ती आधीच गंजलेली आहे, उजेड तिचं आणखी काय बिघडवणार? म्हणून कोकण-गोव्याच्या देवळांवरची कावीची नक्षी टिकते, आणि म्हणूनच माओरी लोक ज्याला कोकोवाय म्हणतात ती तांबडी मातीही शतकानुशतकं लाल राहते. माझ्या काकांचं सारवलेलं अंगण टिकलं आणि आमसुलं उडाली, त्याचं कारण हेच. आमसुलांना त्यांनी क्रिमसन लेक वापरला होता.

तैलचित्राला हा त्रास कमी होतो, कारण तिथे रंगाचा कण तेलात बुडालेला असतो आणि थर जाड असतो. जलरंगात कण कागदावर जवळजवळ उघडाच. आणि ज्या गुणामुळे जलरंग उजळतो, म्हणजे प्रकाश आत जाऊन पुन्हा बाहेर येतो, त्याच गुणामुळे त्याला उजेडाचा मारही जास्त बसतो.

हे लोकांना कळलं कधी? १८८६ च्या सुमाराला लंडनच्या वर्तमानपत्रांत यावर जोरदार वाद झाला. संग्रहालयात टांगलेले जलरंग फिके पडतायत की नाही, यावर मोठमोठी माणसं भांडली. मग रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी रंग लावलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या आणि १८८८ साली अहवाल दिला. उजेडाने रंग उडतात, निळ्या-जांभळ्या किरणांनी जास्त उडतात, हवा आणि ओलावा असेल तर काम आणखी बिघडतं. त्याच वर्षी ऑकलंड आर्ट गॅलरी सुरू झाली, हा एक योगायोग.

या सगळ्यातून एका संग्राहकाने फार सुंदर तोडगा काढला. हेन्री वॉन हे त्यांचं नाव. त्यांच्याकडे टर्नर या थोर इंग्रज चित्रकाराचे जलरंग होते. १८९९ साली ते वारले तेव्हा त्यांनी त्यातली ३८ चित्रं एडिंबरोच्या राष्ट्रीय गॅलरीला दिली, पण एका अटीवर. ती फक्त जानेवारीत दाखवायची, आणि उरलेले अकरा महिने कपाटात ठेवायची. कारण जानेवारीत स्कॉटलंडमध्ये ऊन सगळ्यात दुबळं असतं. आजही दर जानेवारीला लोक थंडीत कुडकुडत टर्नर पाहायला जातात.

आता जरा विचार करा. हीच अट शब्दशः न्यूझीलंडमध्ये पाळली तर? इथे जानेवारी म्हणजे उन्हाचा कहर. इथल्या उन्हाळ्यातली अतिनील किरणं, म्हणजे यूव्ही, उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशावरच्या ठिकाणांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त प्रखर असतात. ओझोन कमी, हवा स्वच्छ, आणि जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. सनस्क्रीन लावा म्हणून शाळेतून पोरांच्या मागे लागतात ते याचसाठी. वॉनसाहेब इथे असते तर त्यांनी जूनची अट घातली असती.

आजच्या संग्रहालयांत महिन्याऐवजी मोजमाप चालतं. उजेड लक्समध्ये मोजतात. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स धरा. जलरंगांसाठी रूढ मर्यादा आहे सुमारे ५० लक्स. आणि मुख्य गोष्ट अशी की उजेडाचा हिशेब बँकेतल्या कर्जासारखा साठत जातो. मंद उजेड बराच वेळ आणि प्रखर उजेड थोडा वेळ, नुकसान जवळजवळ सारखंच.

चला, गणित करू. ५० लक्स, रोज ८ तास, ९० दिवस. म्हणजे तीन महिन्यांचं प्रदर्शन. गुणाकार केला तर ३६,००० लक्स-तास. आता भर दुपारचं थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असतं. तेवढाच उजेड चित्राला मिळायला उघड्या उन्हात किती वेळ लागेल? फक्त बावीस मिनिटं. आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर, थेट ऊन नसतानाही, १,००० लक्स सहज असू शकतात. तिथे रोज नऊ तास धरले तर चार दिवस. संग्रहालयाचे तीन महिने म्हणजे माझ्या लाउंजमधले चार दिवस. मी ते चित्र तिथे नऊ वर्षं ठेवलं होतं.

म्हणून त्या खोलीत अंधार असतो. म्हणून तीन-चार महिन्यांनी चित्रं उतरवून कित्येक वर्षं अंधारात विसाव्याला ठेवतात. आणि म्हणूनच अमेरिकेतले हे प्रसिद्ध जलरंग एकत्र पाहायला मिळणं फार दुर्मीळ असतं. ब्रुकलिन आणि बॉस्टनच्या संग्रहालयांतले सार्जंटचे जलरंग २०१३ साली एका प्रदर्शनात एकत्र आले. २०१७ साली फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात होमर आणि सार्जंटच्या काळातल्या अमेरिकन जलरंगांचं मोठं प्रदर्शन झालं, तेही जेमतेम अडीच महिने. लोकांना वाटतं, इतकं छान आहे तर कायम का लावत नाहीत? पण प्रत्येक पाहण्याची थोडी किंमत असते, आणि ती चित्राच्या आयुष्यातून जाते. आज आपण पाहायचं की आपल्या नातवंडांसाठी राखायचं, हा निर्णय संग्रहालयातलं कुणीतरी दर वेळी घेत असतं.

तर आपण काय करायचं?

गॅलरीत अशा खोलीत गेलात तर लगेच बाहेर पडू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना मंद उजेडाची सवय व्हायला पाचदहा मिनिटं लागतात. बाकावर बसा. हळूहळू चित्रांतलं ऊन वर येतं. मग शोधा, कागद कुठे कोरा सोडलाय. फ्लॅश वापरू नका. चित्र भिंतीवर नसेल तर निराश होऊ नका. वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयात जुन्या न्यूझीलंडचे कितीतरी जलरंग आहेत, आणि ते, तसंच ते पापा आणि ऑकलंड आर्ट गॅलरी यांच्या संग्रहातली हजारो चित्रं इंटरनेटवर पाहता येतात. स्क्रीनवर पाहिल्याने चित्राचा रंग उडत नाही.

आणि घरी. जलरंग, जुनी छायाचित्रं, आजीच्या हातचं भरतकाम, गणपतीचं हाताने रंगवलेलं चित्र, या सगळ्यांना हाच नियम. भारतातल्या सवयीने आपण दक्षिणेकडच्या खिडकीला घाबरतो. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे उत्तरेकडच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. पॅसेजमधली, आतली भिंत उत्तम. बाहेरची थंड भिंत नको, कारण आपल्या इथल्या घरांत हिवाळ्यात तिथे दमट धरतं आणि कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. फ्रेम करताना ॲसिड-फ्री माउंट आणि यूव्ही अडवणारी काच मागा. पण काचेवर विसंबू नका, कारण डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग उडवतो. वर्षातले काही महिने चित्र उतरवून सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि त्याच्या जागी दुसरं लावा. आणि आजच, रंग आहेत तोवर, त्याचा चांगला फोटो काढून ठेवा.

मी काकांना फोन करायला बरेच दिवस टाळलं. शेवटी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हसायला लागले. म्हणाले, "अगं, खरी आमसुलं उन्हात काळी होतात, माझी पांढरी झाली. एवढाच फरक."

ते चित्र आता आतल्या पॅसेजमध्ये आहे. आईबाबा आले की आम्ही दिवा लावून ते पाहतो, आणि मग दिवा बंद करतो. माउंटच्या कडेखालची ती गर्द लाल पट्टी मी झाकलेलीच ठेवली आहे.

ऐकत राहा, उन्हात टोपी घाला. पुन्हा भेटूच. नमस्कार.